बॉर्डरआजोबा आणि बिनबॉर्डरची पेशी

आमच्या घराखाली, जिन्याला लागूनच, गाद्या-सोफ्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक लांबट खोली. पुढच्या अर्ध्यात काम चालतं आणि मागच्या अर्ध्यात ज्यांचं काम कधीच होणार नाही अशा खुर्च्या एकमेकींवर चढून बसल्यात. तिथे तोंडात दोरा धरून बसलेल्या माणसाला सगळी गल्ली बॉर्डरआजोबा म्हणते. मी भाऊजी म्हणते, कारण आमच्या ह्यांची आणि त्यांची दोस्ती होती. हे गेले, दोस्ती वारशाने माझ्याकडे आली, आणि भांडणंही तिच्याबरोबर आली.

हा माणूस कशालाही बॉर्डर लावतो. सोफ्याच्या गादीला कड लावतात ते ठीक. पण आमच्या ह्यांच्या रेडिओच्या कव्हराला बॉर्डर, भाजीच्या पिशवीला बॉर्डर, दुकानातल्या मांजरीच्या गादीलासुद्धा आत पट्टी घालून, वरून पायपिंगची गोल दोरी मारून बॉर्डर. एकदा मी पायपुसणं शिवायला टाकलं, तर तेही चार बोटं उंच कड घेऊन आलं. घरात येणारा प्रत्येक जण त्याला अडखळायचा. मी तक्रार केली तर म्हणाले, "वहिनी, माणसाने दुसऱ्याच्या घरात शिरताना जरा पाय उचलावा."

त्याला कारण होतं. एकोणिसाव्या वर्षी ते एका उस्तादाच्या हाताखाली शिकत होते. एका डॉक्टरच्या दवाखान्यात पेशंट बसायला गोल कोच करायचा होता. भाऊजींनी नवी कल्पना म्हणून तो बिनबॉर्डरचा केला. महिन्याभरात त्याच्या कडा दबून बसल्या आणि आधीच आजारी असलेली माणसं त्यावरून घसरून खाली यायला लागली. उस्तादाने तो कोच परत आणला, सगळ्या कारागिरांसमोर उसवला, आणि म्हणाला, "आतला माल कितीही चांगला असू दे, धरणारं कुणी नसेल तर तो सांडणारच." ते वाक्य भाऊजींनी असं गिळलं की पुढची पन्नास वर्षं ते पचलं नाही.

दुसरंही एक कारण होतं, ते पुढे सांगते.

आता आमच्या धाकटीकडे येते. माझ्या मुलाची ही दुसरी लेक, आठवीत शिकते. बोलायला हळू. मनात सगळं असतं, पण तोंडापर्यंत यायला त्याला तीन मजले चढावे लागतात. मागच्या सहामाहीत वर्गात पाणी गाळायचं यंत्र करायचं होतं. हिच्या वाट्याला तोटी आली. तोटी गळली आणि गटाने रंगवलेला तक्ता पाण्यात गेला. भांडलं कुणी नाही. फक्त त्यानंतर गट पाडायची वेळ आली की सगळ्यांची पाठ हिच्याकडे असायची. घरी येऊन एवढंच सांगायची, "आज बाईंनी मला कुठेतरी बसवलं." ते 'कुठेतरी' माझ्या घशाखाली उतरायचं नाही.

या वेळी विज्ञानाच्या बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. तिघातिघांचा गट, आणि प्रत्येक गटाने प्राण्याच्या पेशीची मोठी प्रतिकृती करायची. मुदत पंधरा दिवस. पेशी म्हणजे काय ते मला धाकटीनेच समजावलं. आपलं सगळं अंग डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पिशव्यांचं बनलेलं असतं, त्यातली एकेक पिशवी म्हणजे पेशी. मी म्हटलं, "माझ्या गुडघ्यातल्या बऱ्याच फाटल्या असतील."

चिठ्ठीत तिच्याबरोबर दोघं निघाली. एक चष्मेवाली, जी श्वास घ्यायच्या आधीही यादी करत असेल. दुसरा जुळ्या. त्याचा जुळा भाऊ दुसऱ्या गटात गेल्यामुळे हा घरी जेवतानासुद्धा गुपितं सांभाळत होता. बाईंनी सांगून ठेवलं होतं की प्रतिकृती दाखवून झाल्या की ज्याला गट बदलायचा असेल त्याने त्याच दिवशी बदलायचा, मग वर्षभर तोच गट राहील. धाकटीला पेशीची भीती नव्हती, त्या दिवसाची होती.

चष्मेवालीने कामं वाटली. पेशीच्या मधोमध जे मुख्य कार्यालय असतं, केंद्रक, ते तिच्याकडे. शक्ती तयार करणाऱ्या तंतुकणिका आणि बाकी किडूकमिडूक जुळ्याकडे. धाकटीकडे बाहेरचं आवरण, पेशीपटल. "ते सोपं आहे," ती धाकटीला म्हणाली. "त्यात गळण्यासारखं काही नाही." पोरीने टोमणा मारला नव्हता, खरंच धीर दिला होता. म्हणून तर जास्त लागलं.

आवरण म्हटल्यावर मी हिला धरून खाली नेलं.

"भाऊजी, हिला एक पेशी शिवून हवी."

"किती जणांची?"

"त्यावर कुणी बसणार नाहीये."

"वहिनी, आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाने हेच सांगितलं, आणि नंतर सगळं खानदान बसवलं."

धाकटीने पुस्तकातलं चित्र दाखवलं. अर्धा कापलेला गोळा, आत रंगीबेरंगी ऐवज. भाऊजींनी चष्मा कपाळावर नेला, चित्र आडवं केलं, उभं केलं, टेपने हवेतच दीड हात मोजला आणि म्हणाले, "आठ दिवसांनी ये. आणि फार हात लावत बसायचं नाही कामाला." इतका खूश झालेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. हल्ली लोक सोफे तयार आणतात आणि मोडले की टाकून देतात. कुणी मुद्दाम काही शिवून मागणं दुर्मिळच झालं होतं.

आठव्या दिवशी तिघंही शाळेतून थेट दुकानात आली. मीही चहा घेऊन उतरले. मधोमध स्टुलावर पेशी होती. पांढऱ्या रेक्झिनचा अर्धगोल, आत मऊ फोमचा खळगा, आणि भोवती चॉकलेटी रंगाची, आतून प्लायवूडची पट्टी घातलेली, सहा बोटं रुंद, दुहेरी पायपिंगची बॉर्डर. टाका असा की मुंगीला पाय रोवायला जागा नाही.

"मस्तच झालंय," जुळ्या म्हणाला. "फक्त, कशाचं झालंय?"

चष्मेवालीने तिच्याभोवती एक फेरी मारली, पुस्तक उघडलं, मिटलं. "आजोबा, ही कड काढावी लागेल. अशी जाड भिंत झाडाच्या पेशीला असते. प्राण्याच्या पेशीला भिंत नसते. हे झाडाचं झालं."

"काढली तर माल बसेल."

"पण प्राण्याला नसतेच."

"मग प्राण्याचं चुकलंय."

जुळ्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. चष्मेवाली हसली नाही. "बाई पहिल्या मिनिटाला चूक काढतील. आम्हाला भिंत चालणार नाही."

"आणि मला भिंतीशिवाय चालणार नाही. बॉर्डर नसलेला माल या दुकानाच्या बाहेर जात नाही. दुसरं दुकान बघा."

मी धाकटीकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, पण शब्द बहुतेक दुसऱ्या मजल्यावरच होते. तोवर चष्मेवालीने यादी घडी करून दप्तरात टाकली. "आम्ही थर्माकोलचं करतो," ती म्हणाली, आणि धाकटीला हळूच, समजुतीच्या आवाजात, "तू आता काही करू नकोस. त्या दिवशी आमच्याबरोबर नुसती उभी राहा." जाताना जुळ्याने चिकटवायला म्हणून सोल्युशनचा डबा मागितला. एरवी भाऊजी कशाला हवं, किती हवं, शंभर प्रश्न विचारतात. त्या दिवशी रागात होते. न बघता डबा दिला.

घरी आल्यावर धाकटी जेवली, अभ्यासाला बसली. मग वहीतून डोकं न उचलता म्हणाली, "आजी, नुसतं उभं राहायला काहीच यावं लागत नाही ना?"

मी तशीच खाली गेले. भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते.

भाऊजी त्या पेशीची बॉर्डर हाताने पुसत होते, धूळ नसताना. मी म्हटलं, "पोरीचं वर्ष पणाला लागलंय आणि तुम्हाला कडेची पडलीय."

"वहिनी, तुम्ही तरी असं बोलू नका. तुम्ही तिथे होतात."

माझं भांडण तिथेच बसलं. मघाशी मी दुसरं कारण म्हटलं होतं ना, ते हे. त्यांच्या बायकोला शेवटची दोन वर्षं लकव्यामुळे डावी बाजू नव्हती. कूस बदलायला गेली की तोल जायचा. तेव्हा भाऊजींनी तिच्या गादीला चारी बाजूंनी अशी बॉर्डर केली की घट्टही हवी आणि टोचायलाही नको. तीनदा उसवून चौथ्यांदा मनासारखी झाली. दुपारी मी तिच्यापाशी बसायचे. ती चांगला हात त्या कडेवर ठेवून झोपायची, कुणाचा तरी हात धरल्यासारखा. दोन वर्षांत ती एकदाही पडली नाही. त्या माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगणार की बॉर्डर काढा?

तेवढ्यात दारात धाकटी येऊन उभी राहिलेली दिसली. किती वेळ उभी होती कोण जाणे. भाऊजींनी मान वळवली नाही. पेशीकडेच बघत विचारलं, "भिंत नाही म्हणतेस. मग आतलं सांडत कसं नाही?"

मग ती म्हणाली, "मला माहीत नाही."

"मग माहीत करून घे आणि मला सांग. मला पटलं तर बघू."

दोन दिवस ती मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाईंच्या मागे आणि शाळा सुटल्यावर पुस्तकांच्या मागे. वही भरली, खोडली, पुन्हा भरली. तिसऱ्या दिवशी दुकानात गेली ती सरळ कात्रणांच्या टोपलीपाशी. रेक्झिनचे दोन तुकडे काढले. रेक्झिनची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरीला कापड असतं. तिने कापडाला कापड लावून दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले.

"हे असं असतं, आजोबा. दोन थर. गुळगुळीत बाजूला पाणी आवडतं. कापडाची बाजू पाण्याला घाबरते असं समजा. पेशीच्या बाहेरही पाणी आणि आतही पाणी. मग घाबरणाऱ्या बाजू कुठे जाणार? त्या एकमेकींना चिकटून मधे लपतात."

इतकं लांब ती सलग कधी बोलली नव्हती. मी चहाचा कप हातात धरून राहिले. म्हटलं, कपाचा आवाज नको व्हायला.

"शिवतं कोण?" भाऊजींनी विचारलं.

"कुणीच नाही. आपोआप जुळतं."

"टाका?"

"एकही नाही."

"आणि सुई टोचली तर?"

"बारीक भोक असेल तर आपोआप मिटतं."

भाऊजींनी ते दोन तुकडे हातात घेतले, चिमटीत चोळले, उजेडात धरले. "पन्नास वर्षं कापड हाताळतोय," म्हणाले. "असं मिळालं नाही कधी."

"आणि ते नुसतं धरून बसत नाही," ती म्हणाली. आता शब्द आपले आपण जिना चढत होते. "काय आत घ्यायचं, काय बाहेर टाकायचं, तेच बघतं."

"म्हणजे दारात खुर्ची टाकून बसलेली सासू," मी म्हटलं.

"हो, पण आजी, ही सासू हलते. पेशी सरकते, वाकते, दबून पुढे जाते. भिंत असली की हलता येत नाही. झाडाला चालतं, ते जागेवरच असतं."

भाऊजींनी उठून उसवायची कातर शोधली. मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही वर जा." मी गेले नाही, फक्त पाठ केली. बॉर्डर निघाल्याचा आवाज ऐकला. तो आवाज चालू असताना कुणी मधे बोलू नये.

रेक्झिनही गेलं. त्यांनी बनियनला वापरतात तसलं ताणणारं कापड आणलं, दोन थर, पाठीला पाठ, मधे कागदासारखा पातळ फोम. कड आत दुमडून वाकड्या सुईने असं शिवलं की टाका शोधून सापडेना. आत फोमचा चुरा भरला. पेशी स्टुलावर ठेवल्याबरोबर सैल पसरली, झोपलेल्या मांजरीसारखी. भाऊजींनी तिला दोन्ही हातांनी गोळा केलं. ती पुन्हा पसरली. "हिला काही वळणच नाही," ते पुटपुटले. पण रागाने नाही.

त्याच संध्याकाळी चष्मेवाली आणि जुळ्या दारात. जुळ्याच्या हातात खोकं, खोक्यात काहीतरी पांढरं, मध्येच खचलेलं, गोगलगाय चालून गेल्यासारखं. थर्माकोलला गाद्यांचं सोल्युशन लावलं की थर्माकोल विरघळतो. हे धंद्यातल्या माणसाला माहीत असतं, आठवीच्या मुलांना कसं असणार? केंद्रकासकट सगळं गेलं होतं.

भाऊजींनी डबा हातात घेतला. "हे माझं चुकलं. विचारायला हवं होतं कशाला नेताय."

"नाही, आम्ही सांगायला हवं होतं," चष्मेवाली म्हणाली. तिने स्टुलावरची पेशी पाहिली आणि यादी विसरून तिच्यात कोपरापर्यंत हात रुतवला. "ही तर खरी वाटते."

मग चार दिवस ते दुकान म्हणजे शाळाच झाली. भाऊजींनी केंद्रक म्हणून बटणं मारलेला गोल तक्क्या केला. चष्मेवाली शेजारी बसून बटणं मोजत होती, कारण मोजल्याशिवाय तिला करमत नाही. जुळ्याने तंतुकणिका शिवल्या, त्या इतक्या वाकड्यातिकड्या झाल्या की भाऊजी म्हणाले, "ह्यांच्यात शक्ती आहे, अक्कल नाही." तो म्हणाला, "आजोबा, माझा भाऊ पण हेच म्हणतो, माझ्याबद्दल." मधूनच भाऊजी आशेने विचारायचे, "केंद्रकाला तरी बॉर्डर?" आणि धाकटी मान हलवायची, नाही. पूर्वी कुणी तिला विचारलं की ती चष्मेवालीकडे बघायची. आता चष्मेवाली तिच्याकडे बघत होती.

शनिवारी प्रतिकृती बघायला घरच्यांनाही शाळेत बोलावलं होतं. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले, खिशात वाकडी सुई आणि दोरा. वर्गाच्या दाराची एक फळी कडी गंजल्यामुळे उघडत नव्हती. उरलेल्या अर्ध्या दारातून कुणाची फळीवरची पेशी तिरकी करून न्यावी लागली, कुणाची थर्माकोलची कोपऱ्याला आपटून टवका उडाला. जुळ्याच्या भावाचा गट तर दारातच अडकून एकमेकांना 'मागे हो, मागे हो' म्हणत होता. आमची पेशी आली. तिघांनी तिला दोन्ही बाजूंनी जरा दाबलं, ती दबली, दारातून सरकली, आणि आत जाऊन पुन्हा पसरली. मी भाऊजींकडे पाहिलं. ते दाराची रुंदी डोळ्यांनी मोजत होते. सहा बोटांची बॉर्डर त्या दारातून गेली नसती.

बाई फिरत फिरत आल्या. चष्मेवाली केंद्रकावर बोलली, जुळ्या तंतुकणिकांवर बोलला आणि घाईत पेशीतला कचरा जिरवणाऱ्या लयकारिकेला तंतुकणिका म्हणून गेला, ते बाईंनी टिपलं. मग त्यांनी पेशीच्या कडेवर बोट दाबलं, उचललं, आणि खळगा भरून येताना बघत राहिल्या.

"हे आवरण कुणाकडे?"

"माझ्याकडे," धाकटी म्हणाली.

"इतकं मऊ आहे. मग आतलं बाहेर का येत नाही?"

मला तोटी आठवली. धाकटी गप्प झाली. जुळ्याने तिच्याऐवजी बोलायला तोंड उघडलं, तर चष्मेवालीने त्याच्या पायावर पाय दिला. "थांब," ती हळूच म्हणाली, "ती सांगतेय."

आणि ती सांगत होतीच, फक्त शब्द वर यायचे होते. आले. दोन थर, पाण्याला घाबरणाऱ्या बाजू, एकमेकींना धरून राहणं, सगळं आलं. सावकाश आलं, पण एकही शब्द सांडला नाही. शेवटी ती म्हणाली, "बाई, त्याला कड नाही असं नाही. त्याची कड मऊ असते."

मागे भाऊजींनी घसा खाकरला.

शेवटी बाईंनी विचारलं, कुणाला गट बदलायचाय? वर्गात बाकं सरकली, पाचसहा जण इकडचे तिकडे झाले. धाकटी जागेवरच उभी होती, जमिनीकडे बघत. चष्मेवालीने दप्तरातून नवी यादी काढली, बाकावर पसरली आणि तिला म्हणाली, "सरक ना जरा. पुढच्या महिन्यात हृदय आहे. त्याला झडपा असतात, त्या गळता कामा नयेत. त्या तुझ्याकडे."

ती सरकली. बास, एवढंच झालं. घरी येताना मला म्हणाली, "आजी, आज मी आमच्या गटात बसले."

पेशी आता शाळेत खालच्या वर्गाच्या कोपऱ्यात असते. अर्थातच लहान मुलं तिच्यावर बसतात, भाऊजींचं म्हणणं शेवटी खरं ठरलं. महिन्यातून एकदा ते तिथे जाऊन ती दबून बसली का बघून येतात. अजून बसलेली नाही. त्याचा त्यांना आनंद आहे की थोडं वाईट वाटतं, हे मला नक्की सांगता येणार नाही.

त्यांची सवय मात्र गेलेली नाही. परवा मला गुडघ्याखाली घ्यायला उशी शिवून दिली, चारी बाजूंनी बॉर्डर, दुहेरी पायपिंग. मी म्हटलं, "भाऊजी, मी प्राणी आहे की झाड?"

ते दोरा दाताने तोडत म्हणाले, "प्राणीच. पण वहिनी, या वयात धरायला काहीतरी असावं."

उशी मी डाव्या बाजूला ठेवते. रात्री हात आपोआप कडेवर जातो.